ओळ माझी, नाव सरांचं

“लॅपटॉप उघडू नकोस हं. फक्त झाकणावर काढ.”

असं म्हणून त्याने तो माझ्यापुढे सरकवला. मुलगा वाईट नव्हता. चष्मा, गळ्यात ओळखपत्र, अंगात त्या दिवशी सगळ्यांना वाटलेला नवा टी-शर्ट. टी-शर्टवर वारली माणसं फेर धरून नाचत होती आणि मधे तारपा वाजवणाऱ्याच्या जागी कॉम्प्युटर होता.

मी टेबलामागे बसले होते. पुढ्यात पांढरा रंग, पाण्याचा ग्लास, ब्रश. अंगावर गुडघ्यापर्यंत नेसवलेलं लुगडं. ते माझं नव्हतं. गळ्यात मण्यांच्या माळा. त्याही माझ्या नव्हत्या. टेबलाच्या कडेला कागद चिकटवला होता, ‘लाइव्ह वारली’.

माझ्या पाठीमागे हॉलचं दार उघडं होतं. आत पडद्यावर कोड दिसत होता.

तो मात्र माझा होता.

ही बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमधली गोष्ट. साल २०१८. वेबसाइट बनवणाऱ्या लोकांचा मेळावा होता. मुंबई, पुणे, सुरत, कुठून कुठून माणसं आली होती. सगळे एकाच फ्रेमवर्कवर काम करणारे. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आणि फुकट वाटलेला. कोणीही वाचावा, कोणीही वापरावा, चूक दिसली तर कोणीही दुरुस्ती पाठवावी. जाणकार ती तपासतात, पटली तर सांगाड्यात घेतात. आणि प्रत्येक ओळीपाशी कायमची नोंद राहते की ही ओळ कोणी लिहिली.

या लोकांचं एक आवडतं वाक्य आहे. इथे तू कोण हे कोणी विचारत नाही, तुझा कोड काय म्हणतो ते बघतात. मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी ते खरं मानलं होतं.

मी झरीची. तलासरी तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजचं दार बघितलेली पहिली मी. वसतिगृहात राहून डहाणूला बी.एस्सी. आयटी केलं. आई घोलवडकडे एका शेठच्या चिकूच्या वाडीत कामाला जायची. माझ्या जन्माच्या आधीपासून. जाळी बांधलेल्या लांब काठीने चिकू उतरवायचे, धुवायचे, निवडायचे, खोक्यात भरायचे. खोक्यावर शेठच्या वाडीचं नाव छापलेलं.

माझी पदवी झाली तेव्हा आईने शेठच्या कानावर घातलं. शेठचा मुलगा मुंबईहून इंजिनीअर होऊन आला होता आणि डहाणू स्टेशनजवळ त्याने वेबसाइटचं ऑफिस काढलं होतं. त्याने मला ठेवलं. सगळा पाडा म्हणाला, शेठचे उपकार. पहिल्या दिवशी सर म्हणाले, “तुझी आई आमच्याकडे, आता तू आमच्याकडे. घरचंच आहे.”

घरचंच होतं. म्हणून चहा मी करायचा. बाकीचे दोघे, एक डहाणूचा आणि एक उंबरगावचा, खुर्चीवरून हाक मारायचे, “वाडीवाली, साखर कमी टाक गं.” गिऱ्हाईक आलं की मला आतल्या खोलीत बसायला सांगायचे. एकदा मी पाणी देत असताना एका गिऱ्हाइकाने विचारलं, कुठली? मी झरी म्हटलं. सर हसून म्हणाले, “आमच्या वाडीवरची आहे. टायपिंग करते.”

टायपिंग मी पहिला महिनाभर केलं असेल. नंतर साइट्स मी बांधत होते.

सरांनी ग्रामपंचायतींच्या मराठी साइट्सचं काम घेतलं होतं. तेव्हा एक भानगड लक्षात आली. पानाला मराठी नाव दिलं की फ्रेमवर्क त्यावरून वेबसाइटचा पत्ता बनवायचं, आणि बनवताना काने, मात्रा, अनुस्वार, वेलांट्या गळून पडायच्या. गंजाडचं व्हायचं गजड. कोसबाडचं कसबड. सांगाडा बनवणाऱ्यांच्या लेखी अक्षर तेवढं अक्षर, त्याला लागलेलं बाकीचं सगळं कचरा. उंबरगावचा म्हणाला, सोड ना, इंग्रजीत पत्ते देऊ. सरही तेच म्हणाले.

मला सोडवेना. मी सांगाड्याचा कोड उघडून वाचायला घेतला. कळेना. पुन्हा वाचला. त्या लोकांच्या चर्चेच्या पानावर प्रश्न टाकले. कोणी दूरदेशीचा उत्तर द्यायचा, कोणी बंगळूरचा. तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी विचारायचे, कोणी हसायचं नाही. मी दुरुस्ती लिहून पाठवली. ती परत आली. दुरुस्ती नीट चालते हे दाखवणाऱ्या चाचण्या कुठे आहेत, विचारलं. मी चाचण्या लिहिल्या. बंगालीचं काय, तमिळचं काय, विचारलं. मी ते बसवलं. पावसाळा संपून वाड्यांवर चिकूचा बहर आला तेव्हा ती दुरुस्ती सांगाड्यात घेतली गेली. जगभर जिथे जिथे तो सांगाडा वापरतात तिथे ती गेली.

तिथल्या एका मोठ्या जाणकाराने खाली लिहिलं होतं, फार चांगलं काम, आभार. आणि पुढे नाव.

सरांचं नाव.

कारण ऑफिसच्या सगळ्या मशीनवर सरांचंच नाव भरलेलं होतं. कोणीही काही लिहिलं तरी नोंद त्यांच्या नावाने व्हायची. चर्चेच्या पानावरही त्यांचंच खातं कायम उघडं. मी सुरुवातीलाच विचारलं होतं, सर, मी माझं नाव भरू का? ते म्हणाले, “मशीन कोणाचं?” मी म्हटलं, तुमचं. ते म्हणाले, “मग?”

तेव्हा मला वाटलं, ऑफिसात असंच असतं. इतके दिवस ते परके लोक सरांच्या नावाने हाक मारत होते आणि मी त्या नावाला ओ देत होते. आभार आले तेव्हा मी पडद्याकडे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणा शिकलेल्या माणसाने माझ्या कामाचे आभार मानले होते, आणि ते माझे नव्हते.

मग मेळावा ठरला. सरांना भाषणाचं बोलावणं आलं. विषय माझी दुरुस्ती. मला वाटलं, मला बसायला तरी मिळेल. मी इस्त्रीचा सलवार-कमीज घातला. सकाळी रिसॉर्टच्या दारात सरांनी मला खालून वर बघितलं. म्हणाले, “हे काय? तुला सांगितलं होतं ना, तुमचं ते नेसून ये. बरं, मी आणलंय.”

एका खोलीत नेऊन बसवलं. तिथे काम करणाऱ्या बाईला सांगितलं, हिला नेसवून दे. ती बाई जवळच्याच पाड्यावरची, वारली. लुगडं गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, “तू कुणाची गं?”

मी म्हटलं, धोडिया.

ती थांबली. मग तोंडावर पदर धरून हसत सुटली. “मग तुला कशाला बसवलं? मला तरी बसवायचं. नाहीतरी मला पण येत नाही. माझी मावशी लिहिते.”

मीही हसले. त्या दिवशी तेवढंच हसले.

हे समजून घ्या. आम्ही धोडिया. वारली वेगळे, आम्ही वेगळे. त्यांच्या सवाशिणी लग्नघरी भिंतीवर चौक लिहितात, ‘लिहितात’ म्हणतात त्याला. तो त्यांच्या देवाचा मान आहे. मी लहानपणी शेजारच्या पाड्यावर लग्नाला जाऊन बघितलाय, हात लावायची माझी छाती नाही. पण सरांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आमची माणसं राबली, आणि त्यांना आम्ही कोण हे माहीत नव्हतं. विचारायचं सुचलं नव्हतं. पाड्यावरची म्हणजे वारली. वारली म्हणजे चित्र. बस.

मी सरांना सांगितलं, सर, मला येत नाही. ते म्हणाले, “रेघा तर आहेत. त्रिकोण, गोल. येईल.”

बसले. खोटं कशाला सांगू, बसले. आई वाडीत होती.

आत भाषण सुरू झालं. दार उघडंच, सगळं ऐकू येत होतं. सर छान बोलतात. पडद्यावर माझ्या ओळी, माझ्या चाचण्या, बंगालीची, तमिळची. कोणीतरी विचारलं, ही चूक तुम्हाला सापडली कशी? सर म्हणाले, “आमच्याकडे एक आदिवासी मुलगी आहे. टायपिंग करते. ती एकदा म्हणाली, सर, गावाचं नाव चुकतंय. बघा, कधीकधी अशा साध्या लोकांकडूनही सुरुवात मिळते. आणि कम्युनिटीचा अर्थ हाच, की शेवटच्या माणसालाही सोबत घ्यायचं. ती बाहेर बसलीय, वारली काढतेय. जरूर भेटा.”

टाळ्या.

मग सगळे बाहेर आले. मला भेटायला. कोणी फोटो काढले. एका बाईने माझ्या गळ्यातली माळ हातात धरून बघितली, मला न विचारता. आणि त्या चष्मेवाल्या मुलाने लॅपटॉप पुढे सरकवून ते वाक्य म्हटलं. उघडू नकोस हं.

माझ्या डोक्यात काहीतरी शांत झालं. राग आला असं लोक म्हणतात, तसं नाही. शांत झालं.

मी ब्रश ग्लासात ठेवला. लॅपटॉप त्याच्याकडे परत सरकवला.

म्हटलं, “मला काढता येत नाही. मी वारली नाही. मी प्रोग्रामर आहे. आत पडद्यावर दाखवली ती दुरुस्ती मी लिहिली.”

दोघे-तिघे हसले. थट्टा वाटली असणार. मग माझं तोंड बघून हसू थांबलं. चष्मेवाला गोंधळला. या लोकांच्यात एक सोय असते, कुठलीही ओळ कोणी लिहिली ते लगेच बघता येतं. त्याने स्वतःच लॅपटॉप उघडला, त्या ओळी काढल्या आणि नाव बघितलं. प्रत्येक ओळीपुढे सरांचं.

“सॉरी ताई,” तो म्हणाला, “पण हिस्टरीत तर त्यांचंच नाव आहे.”

मागून एक जण म्हणाला, “हिस्टरी झूठ नहीं बोलती.” त्यावर मात्र सगळे मोकळेपणी हसले.

माझा आजोबा जी जमीन कसायचा तिच्या सातबाऱ्यावरही दुसऱ्याचं नाव होतं. तोही एकदा कचेरीत जाऊन म्हणाला होता, जमीन मी कसतो. तिथेही असंच कोणीतरी कागद काढून दाखवला होता. कागद खोटं बोलत नाही म्हणून. फरक एवढाच, आजोबाला वाचता येत नव्हतं. मला येतं.

मी म्हटलं, “मशीन त्यांचं होतं. नाव मशीनमध्ये भरलेलं होतं. लिहिलं मी.”

तोवर सर आले. हसतच. “ऊन लागलंय हिला,” लोकांना म्हणाले. मग माझ्याजवळ वाकून, हळू आवाजात, “तुझी आई कुठे कामाला आहे, विसरलीस?”

मी मोठ्याने उत्तर दिलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. “विसरले नाही, सर. माझी आई तुमच्या वाडीत कामाला आहे, हीच आठवण करून देताय ना, कानात?”

चहाची वेळ झाली होती, लोक हळूहळू कपांकडे वळले. पुण्याहून आलेल्या एक आयोजक बाई मला बाजूला घेऊन गेल्या. चांगल्या बोलल्या. पाणी दिलं. म्हणाल्या, आमच्याकडे तक्रारीची पद्धत आहे, तू लिहून दे, पण तुझ्याकडे पुरावा काय? मी म्हटलं, तुमच्याकडे जो पुरावा मानतात तो सगळा त्यांच्या नावाने आहे. त्या म्हणाल्या, मग कठीण आहे. आणि हा तुमच्या ऑफिसचा आतला प्रश्न आहे, कम्युनिटीत वाद नको.

मी खोलीत जाऊन लुगडं सोडलं. घडी घातली. माळा त्यावर ठेवल्या. माझे कपडे घातले. ती वारली बाई दारात उभी होती. फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आली आणि मग तिला हाक आली म्हणून परत गेली.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात येऊ नको म्हणून फोन आला. त्याची मी तयारी ठेवली होती. पण आई सकाळी वाडीत गेली आणि उन्हं चढायच्या आत परत आली. मुकादमाने फाटकातूनच पाठवलं होतं. कारण सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही. घरी येऊन मला विचारलं, आमच्या बोलीत, “काय केलंस?”

मी सांगितलं. नावाचं सांगितलं, दुरुस्तीचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “इतकी वर्षं मी चिकू उतरवले. एकावर तरी माझं नाव होतं? नाव काय चाटायचंय?”

आणि ती उठून गेली. कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. भात वाढायची, बोलायची नाही. नंतर तिला उंबरगावच्या एका कंपनीत काम लागलं. प्लास्टिकचे तुकडे निवडायचं. दिवसभर उभं राहून. वाडीत निदान सावली होती. तिचे पाय सुजायला लागले. हे मी गोड करून सांगणार नाही. माझ्या एका वाक्याची किंमत तिच्या सुजलेल्या पायांनी दिली आहे, आणि ती मी तिला न विचारता द्यायला लावली आहे.

मी सांगाडा चालवणाऱ्या लोकांना लिहिलं. सगळं सविस्तर. त्यांचं उत्तर आलं, सभ्य, लांब. आम्हाला वाईट वाटतं. पण झालेली नोंद बदलता येत नाही. इतिहास पुन्हा लिहिला तर जगभरच्या सगळ्यांच्या प्रती बिघडतील. मात्र लेखकांची वेगळी यादी आहे, तिच्यात तुमचं नाव घालता येईल. त्यासाठी ज्या खात्यावरून दुरुस्ती आली त्या खात्याच्या मालकाने दुजोरा द्यायला हवा.

म्हणजे पुन्हा सर.

सरांपर्यंत ते पत्र गेलंच असणार, कारण थोड्याच दिवसांत उंबरगावचा माझ्याकडे आला. तलासरीच्या नाक्यावर भेटला. खाली बघून बोलत होता. म्हणाला, सर दुजोरा द्यायला तयार आहेत. तुझ्या आईलाही परत घेतील. फक्त तू ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर माफी मागायची. गैरसमज झाला म्हणायचं. “घे ना मागून,” तो म्हणाला, “तोंडाने म्हणायला काय जातं? नाव तर मिळेल.”

नाव मिळेल. मी लिहिलेल्या ओळींवर माझं नाव, त्यांच्या मेहेरबानीने.

मी घरी आले. आईचे पाय गरम पाण्यात होते. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू सांग. तू म्हणशील तर जाते.

खरंच गेले असते. तिच्यासाठी गेले असते.

आई पाण्यात बघत राहिली. मग म्हणाली, “मागायची होती तर त्याच दिवशी मागायची होतीस. आता मागशील तर मी इतके दिवस उभी राहिले ते फुकट गेलं.”

तिने मला माफ केलं असं समजू नका. तिने फक्त हिशोब सांगितला. पण तो हिशोब मला कुठल्याही कॉलेजात कोणी सांगितला नव्हता. माघार घेतली तर ज्याने माझ्यामुळे सोसलं त्याचं सोसणं मी विकलं असं होतं. मी उंबरगावच्याला निरोप दिला, नाही.

त्या दुरुस्तीवर आजही सरांचं नाव आहे. राहील. मी त्याच्या मागे लागणार नाही. भीक मागून मिळालेल्या नावाला मी ओ देणार नाही.

आता मी तलासरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. जुनं मशीन घेतलंय, माझं. त्यावर सगळ्यात आधी मी माझं नाव भरलं, बापाचं नाव आणि आडनाव सगळं. क्लासला येणाऱ्या पोरींनाही आधी तेच करायला लावते. पाड्यावरच्या पोरी लाजतात. म्हणतात, मॅडम, अजून काही येत नाही, नाव कशाला? मी सांगते, येत नाही ते नंतर बघू. नाव आधी.

त्याच सांगाड्यात मला आणखी एक चूक सापडली आहे. तिची दुरुस्ती मी पाठवली. परत आली. सुधारून पाठवली. पुन्हा परत आली. एका जाणकाराने लिहिलंय, ही पद्धत आम्हाला पटत नाही, पुन्हा विचार करा. मी पुन्हा विचार करते आहे. पुन्हा पाठवीन. घेतील किंवा घेणार नाहीत. मेहेरबानी नको, सवलत नको, शेवटचा माणूस म्हणून हात धरायला नको. काम वाईट असेल तर तोंडावर सांगा.

नाकारायचं असेल तर नाकारा. पण यापुढे माझं काम नाकारतानासुद्धा तुम्हाला माझंच नाव घ्यावं लागेल.